एक वर आणि आठ खाली



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे ‘हौशी विमान क्लब : काम आणि अडचणी’ असा विषय छापून आला, तेव्हा आमच्याच कचेरीत दोघातिघांनी विचारले की, छापखान्याने काही घोटाळा तर केला नाही ना? बोनस, किमान वेतन, कंत्राटी कामगार यांवर आम्ही बोललो असतो तर कोणालाही नवल वाटले नसते. विमान म्हणजे श्रीमंतांची हौस, आणि तिचे क्लब म्हणजे त्याहून श्रीमंतांचे, असा आपला सर्वांचा समज आहे. तो अगदीच खोटा आहे असे नाही. पण पुरता खराही नाही. जो भाग खरा नाही, त्यात कारखान्यात राबणाऱ्या माणसाच्या उपयोगाचे काहीतरी आहे, एवढ्याचसाठी आम्ही येथे उभे आहोत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे झाले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयात. तेव्हा विमानविद्येचे शास्त्र आमच्याकडून कोणी अपेक्षू नये. जे पाहिले आणि जे वाचून पडताळले, तेवढे सांगू.

आधी थोडा इतिहास. १९२५ साली इंग्लंडात डी हॅविलंड यांनी ‘मॉथ’ नावाचे एक लहानसे, दोन माणसांचे विमान काढले. त्याचे पंख मागे दुमडता येत, म्हणजे ते साध्या पडवीतही मावे. या विमानाच्या आधाराने तिकडे हौशी क्लब निघाले आणि सरकारने त्यांना मदत दिली. तीच योजना हिंदुस्थानात आली आणि १९२८ च्या सुमारास दिल्ली, कराची, मुंबई, कलकत्ता या ठिकाणी क्लब उभे राहिले. जुहूचे विमानतळ १९२८ चेच. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना वैमानिकाचा परवाना मिळाला, त्यावर क्रमांक होता एक. गिरणीतल्या साचेवाल्याने त्या काळी जुहूला जावे, ते समुद्र पाहण्यासाठी. तासाभराच्या उड्डाणाचे पैसे देणे त्याला सात जन्मांत शक्य नव्हते.

पण त्या काळची एक गोष्ट आम्हांला फार आवडते, आणि कामगार संघटनेचा माणूस टाटांची तारीफ करतो म्हणून कोणी भुवया उंचावू नयेत. १९३० सालासाठी आगाखान यांनी पाचशे पौंडांचे बक्षीस लावले. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधला प्रवास महिन्याच्या आत एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळायचे होते. टाटा कराचीहून निघाले, अ‍ॅस्पी इंजिनिअर हा तरुण इंग्लंडातून निघाला, आणि दोघांची गाठ पडली इजिप्तमध्ये, अबुकीर येथे. अ‍ॅस्पी स्पार्क प्लगांसाठी अडकून पडला होता. टाटांनी स्वतःजवळचे जादा प्लग त्याला दिले. त्या प्लगांवर अ‍ॅस्पी पुढे गेला, आधी पोहोचला आणि बक्षीस घेऊन गेला. पुढे १९६० साली तो भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. शर्यतीतल्या प्रतिस्पर्ध्याला प्लग देणारा मालक होता, हे आम्ही आमच्या सभासदांनाही सांगतो. त्यामुळे आमच्या मागण्या कमी होत नाहीत.

मात्र या गोष्टीतही नावे दोघांचीच राहिली. विमानाच्या प्रत्येक गोष्टीचे असेच आहे. राइट बंधूंचे नाव चौथीच्या पोराला ठाऊक असते. १९०३ साली त्यांच्या विमानाचे इंजिन सहा आठवड्यांत ज्याने घडविले, तो त्यांच्या सायकलीच्या दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलर कोणाला ठाऊक आहे? १९५६ साली तो वारला. आपल्याकडे विमानाचे नाव निघाले की कोणीतरी शिवकर बापूजी तळपद्यांची कथा काढतोच. १८९५ साली चौपाटीवर त्यांनी विमान उडविले, अशी ती कथा. समकालीन पुरावा तिला नाही. आणि ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाशी तिचा संबंध जोडतात, तो बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी तपासून त्यातली यंत्रे उडू शकणारी नाहीत, असे १९७४ साली लिहून ठेवले. तळपद्यांच्या जिद्दीबद्दल आम्हांला आदर आहे. परंतु कथा रंगविणारांपैकी एकालाही आजवर असे विचारावेसे वाटले नाही की, उडविले असेल तर ते चौपाटीवर ढकलीत नेले कोणी? असो.

आता मुख्य विषयाकडे वळतो. हौशी विमानविद्येची एक शाखा अशी आहे की, जिच्यात ढकलणारावाचून पानही हलत नाही. ती म्हणजे ग्लायडिंग, बिनइंजिनाचे विमान. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर इंजिनाच्या विमानांच्या बाबतीत कडक बंधने आली. तेव्हा तिथली विद्यार्थी मंडळी वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर जमली आणि १९२० साली त्यांनी बिनइंजिनाच्या विमानांची पहिली स्पर्धा भरविली. ग्लायडरच्या नाकाला जाड रबरी दोर लावायचा, दोन्ही बाजूंनी पोरांनी तो धरून उतारावरून धावत सुटायचे, आणि दोर ताणला की गलोलीतल्या खड्यासारखा ग्लायडर हवेत. एकाने उडावे म्हणून दहा जणांनी धावावे, आणि मग पाळी बदलावी. या विद्येचा जन्मच मुळी सामुदायिक आहे.

पुण्याच्या लोकांना हे नवे नाही. हडपसरला सासवड रस्त्यालगत नागरी विमान खात्याचे ग्लायडिंग केंद्र आहे, आणि बसमधल्या कंडक्टरने त्याचे नाव पुकारलेले अनेकांनी ऐकले असेल. आपल्या देशात ‘रोहिणी’ नावाचा दोन आसनांचा लाकडी ग्लायडर तयार झाला, त्याचे पहिले उड्डाण १९६१ चे. त्यात शिकविणारा आणि शिकणारा शेजारी शेजारी, खांद्याला खांदा लावून बसत. पुढे-मागे नव्हे. आमच्यासारख्याला ही बैठक फार पटते, कारण उस्तादाचा हात कसा हलतो हे शेजारून जसे दिसते तसे पाठीमागून दिसत नाही.

केंद्र सरकारी असले तरी मैदानावरची रीत जगातल्या कोणत्याही ग्लायडिंग क्लबाचीच. काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतले तीन तरुण, दोन फिटर आणि एक क्रेन ऑपरेटर, सुटीच्या दिवशी तेथे जाऊ लागले. त्यांच्या मागे आम्ही गेलो. उडालो नाही, हे आधीच सांगतो. आमचे वजन आणि आमच्या सौभाग्यवती, दोन्ही आड आली. पण मैदानाच्या कडेला बसून पुष्कळ पाहिले आणि हाताशी लागेल ते काम केले.

कामाची रीत अशी. मैदानाच्या एका टोकाला ग्लायडर, आणि दुसऱ्या टोकाला, सुमारे एक किलोमीटरवर, विंच. विंच म्हणजे इंजिनावर फिरणारे एक मोठे रीळ. आपल्या विहिरीवरच्या रहाटाचा दांडगा भाऊ म्हणा. रिळावरचा पोलादी दोर मैदानभर पसरून त्याचे टोक ग्लायडरच्या पोटाखालच्या आकड्यात अडकवितात. विंच फिरला की ग्लायडर काही सेकंदांत जमीन सोडतो आणि पतंगासारखा उभा चढत जातो. तीनेकशे मीटरांवर वैमानिक दोर सोडून देतो. सगळा मामला अर्ध्या मिनिटाचा. तेथून पुढे इंजिन नाही, काही नाही. दर सेकंदाला मीटरभर खाली येणे अटळ, म्हणजे पाचसहा मिनिटांत पुन्हा जमीन. ज्याला अधिक वेळ राहावयाचे असेल त्याने वर जाणारी हवा शोधावी. चैत्र-वैशाखात ऊन तापले की नांगरलेली काळी जमीन, पत्र्याची छपरे यांवरची हवा तापून वर उठते. ती डोळ्यांना दिसत नाही. पण घारीला कळते. घार पंख न हलविता जेथे गोल गोल फिरते, तेथे जाऊन आपणही गोल फिरावे. परवाना घेऊन बसलेला वैमानिक घारीचा माग काढीत हिंडतो, हे पाहून आम्हांला विलक्षण आनंद झाला.

हे झाले वरचे. खाली काय चालते? एक जण दोराचे टोक तपासून अडकवितो. एक जण पंखाचे टोक हातात धरून उभा राहतो, कारण ग्लायडरला एकच चाक, पंख धरला नाही तर तो कलंडून बसणार. एक जण आकाशात आणि मैदानावर चौफेर नजर ठेवून खुणा करतो : ‘ढिला दोर ओढ’, ‘सोड’ आणि ‘थांब’. विंचवाला एक किलोमीटरवर असतो. त्याला माणसाचा आवाज पोचत नाही, ग्लायडर म्हणजे त्याच्या दृष्टीने एक आडवी रेघ. त्या खुणेवर त्याचा पाय हलतो. शिवाय वही लिहिणारा, पडलेला दोर पुन्हा ओढून आणणारा, आणि उतरलेला ग्लायडर ढकलीत परत आणणारे दोघेतिघे. एक वर आणि सातआठ खाली. पाच मिनिटे उडावयाचे असेल तर दिवसभर ढकलावे लागते. जो ढकलीत नाही त्याची पाळी येत नाही, मग तो कोणाचाही चिरंजीव असो.

सकाळी पहिले उड्डाण होण्याआधी ग्लायडरची तपासणी होते. प्रत्येक पिन, प्रत्येक बिजागरी, प्रत्येक तार हाताने हलवून पाहावयाची आणि वहीत सही करावयाची. सही नसेल तर ग्लायडर शेडमधून बाहेर निघत नाही. दोर आणि ग्लायडर यांच्यामध्ये एक कडी मुद्दाम कमजोर ठेवलेली असते. ताण फाजील झाला तर ती तुटावी, म्हणजे पंख वाचतो. विंचवाल्यापाशी दोर कापून टाकणारे एक पाते असते, वर कोणाचा आकडा अडकला तर वापरावयाचे. आमच्या फिटरांना या कमजोर कडीचे फार कौतुक वाटले. त्यातला एक म्हणाला, “आपल्या खात्यात पण अशी कडी असते, साहेब. तिला हेल्पर म्हणतात.”

आता ज्यासाठी एवढे पाल्हाळ लावले ते सांगतो. जगभरच्या ग्लायडिंग मैदानांवर एक नियम पाळतात. उड्डाणाच्या क्षणी ज्याला कोणाला काही धोका दिसेल, त्याने ‘थांब’ म्हणून ओरडावे. आणि ‘थांब’ ऐकला की उड्डाण थांबलेच पाहिजे. ओरडणारा कोण, हे विचारावयाचे नाही. शिक्षक असो, पहिल्याच दिवशी आलेला पोरगा असो, पंख धरणारा असो, नुसता पाहणारा असो. ‘थांब’ आला की खूण करणारा हात वर करतो, वैमानिक दोर सोडतो, विंचवाला इंजिन मारतो. कारण मागाहून विचारतात. कारण चुकीचे निघाले, कुत्रे वाटले ते पोते निघाले, तरी ओरडणाराला कोणी रागे भरत नाही. कारण एकदा रागे भरले तर दुसऱ्या वेळी खरोखरचे कुत्रे असताना तो पोरगा क्षणभर विचार करील, आणि तेवढा क्षण पुरतो.

हा नियम आमच्या क्रेन ऑपरेटराने आम्हांला समजावून दिला आणि त्या रात्री आम्हांला नीट झोप लागली नाही. त्याचे कारण सांगतो.

पुण्याच्या पूर्वेकडच्या एका कारखान्यात, नाव घेत नाही, जड डाय उचलण्याचे काम चाले. डायला तारेचा स्लिंग बांधणे हे खलाशाचे काम. आणि ते खलाशी कंत्राटी. एका पाळीला एका खलाशाला दिसले की स्लिंगच्या तारा एका जागी तुटून उसवल्या आहेत. त्याने सुपरवायझरला सांगितले. उत्तर मिळाले, “पाळीपुरता चालव, सकाळी नवा काढू.” चार खेपा नीट गेल्या. पाचव्या खेपेला स्लिंग सुटला, डाय हातभर उंचीवरून खाली आली आणि दुसऱ्या खलाशाच्या पायाचा चेंदा झाला. हातभरच उंची होती म्हणून पायावर निभावले. चौकशी झाली. चौकशीत पहिल्या खलाशाला विचारण्यात आले, “तुला दिसले होते तर तू काम का केलेस?” तो म्हणाला, “मी सांगितले होते.” कोणाला, केव्हा, वहीत कोठे आहे? वही नव्हतीच. ज्याने पाहिले तोच गुन्हेगार ठरला आणि कंत्राटदाराने त्याला दुसऱ्या दिवशी फाटकातून आत घेतले नाही.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या कारखाने कायद्यात, भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर, १९८७ साली ४१-एच हे कलम घातले गेले. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात कामगाराला तातडीचा धोका वाटला तर तो त्याने व्यवस्थापनाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणावा, असा हक्क त्यात आहे. तो कायदा आता नव्या संहितेत गेला असून संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तेथेही मूळ भूमिका कळविण्याचीच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ व्या कराराचे तेरावे कलम पुढे जाते : जिवावरचा धोका आहे असे रास्त कारणाने वाटून कामगार कामावरून बाजूला झाला, तर त्याला त्यापायी शिक्षा होऊ नये. शब्द चांगले आहेत. पण कळविणे वेगळे, बाजूला होणे वेगळे आणि थांबविणे वेगळे. बाजूला झालेल्या माणसाच्या जागी कंत्राटदार दुसरा माणूस उभा करतो आणि क्रेन चालूच राहते. ग्लायडिंगच्या मैदानावर पंख धरणारा पोरगा बाजूला होत नाही. तो सगळ्यांना थांबवितो.

कोणी म्हणेल, तेथे दहा माणसांची हौस आहे, येथे उत्पादन आहे. हौशीत पाच मिनिटे गेली तर काय बिघडले? हा आक्षेप फुकाचा नाही. मात्र त्यात एक गोष्ट विसरली जाते. तेथे तो नियम चालतो याचे कारण हौस नव्हे. आज जो पंख धरतो तो उद्या त्याच ग्लायडरमध्ये बसणार असतो, आणि आज बसलेला उद्या पंख धरणार असतो. डाय उचलण्याचा हुकूम देणारा त्या डायखाली कधी उभा राहत नाही. ढिलाई शिरते ती येथून.

या क्लबांच्या आणि केंद्रांच्या अडचणीही आम्ही पाहिल्या, आणि विषयपत्रिकेत त्या छापल्या आहेत म्हणून सांगितल्याच पाहिजेत. पावसाळ्यात मैदान चिखल, म्हणजे वर्षातले तीनचार महिने बसून. सुटे भाग मिळण्याची मारामार, शिकविणारे थोडे, शिकावयाला आलेल्यांपैकी निम्मे ढकलून कंटाळतात. नायलॉनचा मांजा हे एक नवे संकट. उघड्या कचऱ्यावर घारी जमतात, आणि माग दाखविणारी घार समोरून आली की तीच जिवावर उठते. परंतु खरी अडचण जमिनीची. ग्लायडरला लांब, मोकळी, सपाट पट्टी लागते. पडणारा दोर कोणाच्या अंगणात पडून चालत नाही. हडपसरचे मैदान आखले तेव्हा भोवती मळे होते. आता कोणत्याही कडेला उभे राहून पाहावे, इमारतींचे मजले मोजता मोजता मान दुखते. जुहूला आज मुख्यतः हेलिकॉप्टरे उतरतात. शहरातल्या मोकळ्या जमिनीचे पुढे काय होते हे आम्हां गिरणी कामगारांच्या पोरांना कोणी शिकवावे लागत नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आमचे वडील त्यात होते. मागाहून त्या गिरण्यांच्या जागी काय उभे राहिले ते परळ-लालबागला जाऊन पाहता येते. जमिनीची किंमत तिच्यावर चालणाऱ्या कामाहून वाढली की ते काम आजारी असल्याचे अहवाल निघू लागतात. ग्लायडिंग सार्वजनिक जमिनीवर चालते, स्वस्तात चालते, आणि त्यापायीच साध्या घरातली पोरे तेथे पोचतात. ती जमीन राहावी, असे आम्ही या व्यासपीठावरून मागतो; आणि हे मागणे कोणत्याही वैमानिकाने आम्हांला पढविलेले नाही.

आता आमच्या कारखान्याचे राहिलेले सांगून संपवितो. त्या अपघातानंतरच्या करारात आम्ही एक कलम मागितले. शब्द साधे ठेवले : क्रेनखाली किंवा क्रेनवर काम करणाऱ्या कोणीही ‘थांब’ म्हटल्यास उचल थांबेल, स्लिंग तपासून दोन सह्या झाल्यावर पुन्हा सुरू होईल, थांबविणाऱ्यास त्याबद्दल चार्जशीट मिळणार नाही, कारण चुकीचे निघाले तरीही. ‘चुकीचे निघाले तरीही’ या तीन शब्दांवर पाच बैठका गेल्या. व्यवस्थापनाचे म्हणणे, लोक टंगळमंगळ करण्यासाठी ओरडतील. आम्ही म्हटले, एक वर्ष करून पाहा. शेड्यूलची वही ठेवली. वर्षात सात वेळा उचल थांबली. चार वेळा स्लिंग खरोखर बदलावा लागला, एकदा आकड्याची खिट्टी तुटलेली सापडली, आणि दोन वेळा काहीच निघाले नाही. त्यातल्या एका वेळी सव्वा तास खोळंबा झाला आणि थांबविणारा होता एकोणीस वर्षांचा शिकाऊ उमेदवार. घाबरून तो कचेरीत येऊन बसला. सुपरवायझर आला आणि वहीवर सही घेऊन गेला, दुसरे काही बोलला नाही.

कलम टिकले. पण ते लागू आहे कायम कामगारांना. स्लिंग बांधतात ते खलाशी अजून कंत्राटीच आहेत, आणि कंत्राटदार म्हणतो की करारावर त्याची सही नाही. गेल्या महिन्यात त्या खलाशांपैकी एकाने ‘थांब’ म्हटले. क्रेन थांबली, कारण क्रेनवर आमचा ग्लायडिंगवाला होता आणि कोण ओरडले हे त्याने विचारले नाही. आठवडाभराने त्या खलाशाला दुसऱ्या साइटवर पाठविल्याचे पत्र आले. ते पत्र घेऊन येत्या सोमवारी आम्ही बोलणी करण्यास जाणार आहोत.